मोजूनमापून गळती

आपल्याकडं ‘शंभर टक्के’ फार स्वस्त झालंय. शंभर टक्के शुद्ध तूप, शंभर टक्के येणारा वायरमन, शंभर टक्के ठरलेलं लग्न. याच जातकुळीतला एक दावा किराणा दुकानात रोज ऐकू येतो. ‘बिनधास्त न्या, एकदम एअरटाइट पॅकिंग आहे,’ असं म्हणत दुकानदार पुडा दोन्ही तळहातांत दाबून दाखवतो. पुडा फुगलेला राहतो, कुठूनही फुस्स होत नाही आणि गिऱ्हाईक पैसे काढतं.

या दाव्यावर काडीचाही विश्वास न ठेवणारी एक छोटी जमात आहे. प्लास्टिकच्या फिल्ममधून कुठला वायू किती आरपार जातो हे मोजणं, हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. आमचे दाजी त्यांपैकी एक. कुपवाडच्या एमआयडीसीत एका फिल्मच्या कारखान्यात ते क्वालिटीला आहेत. लग्नाच्या पंगतीतून उठताना लाडवांचं पाकीट हातात पडलं की बाकीची मंडळी आतले लाडू मोजतात. दाजी पाकीट उजेडाकडं धरतात, दोन बोटांत चुरगाळून कानाशी नेतात आणि ‘पीपी आहे, टिकायचं नाही’ असा निकाल देतात. (पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन.) यजमान शेजारीच उभा असतो.

कुपवाड सांगली आणि मिरजेच्या मधोमध आहे. १९९८ साली तिघांची मिळून एक महापालिका झाली तेव्हा पाटीवर कुपवाडचं नाव शेवटी आलं, पण कारखान्याचे भोंगे आणि ट्रकांची रांग याबाबतीत ते मागं नाही. एमआयडीसीच्या रस्त्यानं दुचाकीवरून जाताना नाक उघडं ठेवलं तर कुठं काय चाललंय ते पाटी न वाचताही कळतं. इथं कटिंग ऑइल, इथं गरम प्लास्टिक, पुढं कोल्ड स्टोअरेजच्या दारात बेदाण्याचा गोडसर वास, आणि मध्येच हळदीचा टेम्पो पुढं गेला की पाचसहा गाड्यांपर्यंत त्याची वर्दी. हळद पोत्यात, पोत्याच्या आत प्लास्टिकचं अस्तर, अस्तराचं तोंड सुतळीनं आवळलेलं, तरीही वास यायचा तो येतोच. थोडा वास सुतळीच्या गाठीतून निसटत असेल, पण बाकीचा सरळ प्लास्टिकमधून येतो, हे दाजींनी सांगेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

भोक नसताना वास बाहेर येतो कसा, हा प्रश्न जुना आहे. १८३१ साली फिलाडेल्फियातल्या जॉन मिचेल नावाच्या डॉक्टरानं रबराचे फुगे वेगवेगळ्या वायूंनी भरून बघितले, तर ते वेगवेगळ्या वेगानं आकसले. कार्बन डायऑक्साइडचा सगळ्यांत आधी. फुग्याला भोक असतं तर हा भेदभाव झालाच नसता. भोक काही जात विचारत नाही. पुढं १८६६ मध्ये थॉमस ग्रॅहॅम यांनी याचा उलगडा केला. हे गृहस्थ तेव्हा लंडनच्या टांकसाळीचे प्रमुख होते. दिवसा नाण्यांची गळती होऊ नये म्हणून पहारा आणि उरलेल्या वेळात वायूंच्या गळतीचा अभ्यास, असा त्यांचा संसार. त्यांनी रबराच्या पातळ पडद्याच्या एका अंगाला साधी हवा ठेवली, दुसऱ्या अंगाला निर्वात पोकळी केली आणि पलीकडं जे आलं ते तपासलं. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. पलीकडं आला तो सुमारे ४१ टक्के. विझत आलेली काडी त्यात धरली तर पुन्हा पेटली. ग्रॅहॅम यांचं म्हणणं असं, की वायू पडद्यातल्या भोकांतून जातच नाही. तो आधी पडद्यात विरघळतो, आत वाट काढत सरकतो आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतो.

सांगली-कुपवाड शहर बसनं सकाळी नऊला प्रवास केलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मागच्या दारातून किती जण आत घुसू शकले हा एक प्रश्न, आणि घुसल्यावर धक्के मारत पुढच्या दारापर्यंत किती वेगानं पोचले हा दुसरा. दोन्हींचा गुणाकार म्हणजे पुढच्या दारातून उतरलेली माणसं. कार्बन डायऑक्साइडचा रेणू ऑक्सिजनपेक्षा वजनदार, पण दारात शिरण्यात पटाईत. म्हणून बहुतेक प्लास्टिकमधून तो ऑक्सिजनच्या तिप्पट-चौपट किंवा त्याहूनही जास्त प्रमाणात पार होतो. नायट्रोजन भिडस्त, तो सगळ्यांत मागं.

दाजींची प्रयोगशाळा कारखान्याच्या कोपऱ्यात आहे. बाहेर मशिनचा असा खडखडाट की ‘चहा घेणार का’ हेही हातवारे करून विचारावं लागतं. आत मात्र देवघराची शिस्त. बाष्प मोजायची त्यांची जुनी रीत बघण्यासारखी आहे. अॅल्युमिनियमची एक पसरट वाटी. तिच्यात भट्टीत तापवून खडखडीत कोरडे केलेले कॅल्शियम क्लोराइडचे खडे. फिल्मचा गोल तुकडा साच्यानं कापून वाटीवर झाकायचा आणि काठानं वितळलेलं मेण सावकाश फिरवत ओतायचं. मेणात एक बुडबुडा राहिला तरी सगळं पहिल्यापासून. मग ती वाटी ३८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असलेल्या कपाटात जाते. खडे पाण्याला हपापलेले असतात. फिल्ममधून जेवढी वाफ आत येईल तेवढी ते पिऊन टाकतात. रोज ठरल्या वेळी वाटी काढायची, गार होऊ द्यायची आणि वजन करायचं. वाढलेलं वजन म्हणजे आत गेलेलं पाणी. शास्त्र मोठं असेल, पण कृती लग्नाआधीच्या पापडांइतकीच कष्टाची.

तो तराजू तर भलताच हळवा. त्याला चहूबाजूंनी काचेची दारं. दारं लावल्याशिवाय आकडा एका जागी थांबत नाही, कारण पंख्याची झुळूकसुद्धा त्याला वजन वाटते. मी जरा वाकून बघायला गेलो तर दाजी म्हणाले, ‘पाव्हणं, जरा लांब व्हा. तुमचा श्वास लागतोय त्याला.’ मेहुण्याला गप्प करायचं इतकं शास्त्रीय कारण आमच्या घराण्यात आजवर कुणाला सुचलेलं नाही.

ऑक्सिजनसाठी वेगळं यंत्र आहे. त्याच्या दोन जबड्यांत फिल्म ताणून धरलेली. एका अंगानं ऑक्सिजन वाहतो, दुसऱ्या अंगानं नायट्रोजन. फिल्ममधून जो ऑक्सिजन निसटेल त्याला नायट्रोजन उचलून सेन्सरपर्यंत पोचवतो. सेन्सरमध्ये ऑक्सिजनच्या एकेका रेणूमागं चार इलेक्ट्रॉन वाहतात आणि पडद्यावर आकडा उमटतो. गळती मोजायची म्हणजे गळणाऱ्याला एकेक करून पकडायचं, इतका हा चिकट कारभार.

गंमत म्हणजे यंत्र लावल्यावर सुरुवातीला काहीच येत नाही. रेणू शिरलेले असतात, पण अजून फिल्मच्या पोटातच असतात. मग रेघ हळूहळू चढते आणि एका उंचीवर जाऊन आडवी होते. ती आडवी झाली की आकडा लिहायचा, त्याआधी नाही. साध्या फिल्मचं हे लवकर उरकतं. चांगल्या बॅरिअर फिल्मला रात्र लागते. नव्यानं लागलेली पोरं घाई करतात, रेघ खाली आहे तोवरच ‘फिल्म झकास आहे साहेब’ म्हणून येतात. दाजी त्यांना परत पाठवतात. जाडीचं गणितही असंच फसवं. फिल्म दुप्पट जाड केली की गळती निम्मी होते, पण सुरुवातीचा हा थांबण्याचा काळ मात्र चौपट होतो. म्हणजे जाड फिल्म सुरुवातीला स्वतःच्या योग्यतेपेक्षा जास्त भाव खाऊन जाते. या थांबण्याच्या काळावरून आतल्या रेणूंचा वेग काढायची पद्धत ज्यांनी रुळवली त्यांतले एक म्हणजे रिचर्ड बॅरर, १९१० साली न्यूझीलंडमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्या नावानं ‘बॅरर’ हे एककच पडलं. न्यूटनचं नाव बळाला लागलं, पास्कलचं दाबाला, अँपियरचं विजेला आणि बॅरर यांचं गळतीला. शास्त्रात तोही सन्मानच.

आकडे ऐकले की माणूस हबकतो. २५ मायक्रॉन जाडीची साधी पॉलिथिन फिल्म, म्हणजे केसापेक्षाही पातळ. तिच्या एक चौरस मीटरमधून एका दिवसात, एका अंगाला निव्वळ ऑक्सिजन ठेवला तर, सात-आठ हजार घन सेंटिमीटर पार होतो. सात-आठ लिटर! ज्या पिशवीतून पाण्याचा थेंब बाहेर येत नाही, तिच्यातून! ताणलेली पॉलिप्रॉपिलीन दीड-दोन हजारांवर थांबते, पॉलिएस्टर पन्नास-साठच्या आसपास, आणि ईव्हीओएच नावाचं उंची प्लास्टिक कोरडं असेल तर एकाच्याही खाली. आपल्या हवेत ऑक्सिजन पाचातला एकच वाटा, त्यामुळं घरातल्या पिशवीसाठी या सगळ्याला पाचानं भागायचं. भागूनही पॉलिथिनचा आकडा लिटरच्या वरच राहतो.

यावरून पॉलिथिन नालायक असं म्हणायला जावं, तर वाफ अडवण्यात तेच हुशार. आणि ते उंची ईव्हीओएच? त्याला ओल लागली की त्याचा सगळा ताठा उतरतो. म्हणून त्याला मध्ये ठेवून दोन्ही अंगांनी पॉलिथिनचं पांघरूण घालतात. त्या दोघांचं एकमेकांशी जमत नसल्यामुळं मध्ये आणखी एक चिकट थर घालावा लागतो. ऑक्सिजन अडवणारा वेगळा, पाणी अडवणारा वेगळा, आणि दोघांना एकत्र ठेवणारा तिसराच. अशा पाच-सात थरांची मिळून ती एक फिल्म. हातात घेतली तर साधी पिशवीच वाटते.

शिवाय हे आकडे बहुधा २३ अंशांवरचे असतात. तापमान वाढलं की रेणू सुटतात, गळती वाढते. अहवाल २३ अंशांचा आणि कुपवाडचा मे महिना चाळिशीच्या घरातला. दाजींना एकदा विचारलं, ‘मग या अहवालाचा उपयोग काय?’ ते म्हणाले, ‘पत्रिकेचा जेवढा होतोय तेवढा. दोघांचं एकाच पद्धतीनं बघितलं की तुलना होतीय. संसार कसा होईल ते उन्हाळ्यात कळतंय.’

या शास्त्राचा या भागाशी संबंध एमआयडीसी आल्यावर जुळला असं कुणी समजू नये. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या हरिपुरात आमच्या पणज्यांच्याही आधीपासून हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खड्डा, तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, खाली पोट मोठं. आत पाल्या-गवताचं अस्तर, त्यात हळद आणि तोंड मातीनं बंद. तिथली माती पेवाला मानवणारी. वर्षानुवर्षं हळद आत पडून राही आणि तिला कीड लागत नसे. कारण आत जे काही जिवंत असेल ते श्वास घेऊन घेऊन ऑक्सिजन संपवतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. ऑक्सिजन संपला की किडाही संपला. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, बेदाण्याला त्याआधी २०१६ ला. पण हळदीचं नाव त्याच्या कितीतरी आधी या खड्ड्यांनी राखलं होतं.

पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. तोंड उघडं टाकून थांबायचं, मग दोरीनं कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर अजून थांबायचं. चार इलेक्ट्रॉन मोजणाऱ्या यंत्राच्या आधीचं हे आमचं यंत्र. अचूकता कमी, पण निकाल एकदम स्पष्ट. आणि धडाही स्पष्ट, की हळदीला जे अमृत तेच हमालाला विष. बंदिस्तपणा चांगला की वाईट हे आत कोण आहे त्यावर ठरतं. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं आणि कित्येक पेवं कायमची बाद झाली. हवेला वर्षानुवर्षं दाद न देणारी ती माती कृष्णामाईपुढं नमली.

याच्या अगदी उलट द्राक्ष. आपल्याकडची द्राक्षं बोटीनं परदेशी जातात तेव्हा पेटीत घडांवर एक कागदासारखा पॅड ठेवतात; बागायतदार त्याला ग्रेप गार्ड म्हणतात. त्याच्या पोटात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. पेटीतली ओल त्याला लागली की सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि बुरशीला आवरतो. तो सगळा एकदम सुटला तर घडाचाच रंग उडतो, देठाशी मणी पांढुरके पडतात. फार कमी सुटला तर बंदरावर पेटी उघडेपर्यंत आत बुरशीचं राज्य. म्हणून पॅडचा एक भाग पहिल्या एकदोन दिवसांत भराभर वायू सोडणारा, आणि दुसरा प्लास्टिकच्या थराआड बसून आठवडेच्या आठवडे जपून सोडणारा. इथं फिल्मचं काम अडवण्याचं नाहीच, सावकाश गळण्याचं आहे. गळतीसाठी पैसे मोजायचे आणि तीही ठरलेल्या मापानं मागायची, हे बागायतदाराला बरोबर समजतं. ठिबकची सवय आहे त्याला.

कोथिंबिरीचं त्याहून नाजूक. ती तोडली तरी तिचा श्वास चालू असतो. जाड पिशवीत घालून गाठ मारली की ती स्वतःच्याच श्वासानं गुदमरते आणि तिसऱ्या दिवशी काळा चिखल हाती येतो. उघडी ठेवली तर वाळते. तिला ऑक्सिजन थोडा हवा, कार्बन डायऑक्साइड बाहेर जायला वाट हवी आणि ओल मात्र आतच राहायला हवी. अशी पिशवी बनवणं हे उंची बॅरिअर फिल्म बनवण्यापेक्षा सोपं नाही. आमच्या ताई फ्रिजमधल्या कोथिंबिरीच्या पिशवीला सुईनं चारदोन टोचे मारतात. दाजी ते बघतात आणि काही बोलत नाहीत. घरात कुठल्या गळतीबद्दल बोलायचं आणि कुठल्या नाही, एवढं भान त्यांना त्या धंद्यानंच दिलं असावं.

वेफर्सच्या पाकिटाची तऱ्हा आणखी निराळी. आतली चकाकी म्हणजे फिल्मवर वाफेनं बसवलेला अॅल्युमिनियमचा थर, मायक्रॉनच्या काही शतांश भागाएवढा. एवढ्याशा थरानं ऑक्सिजन आणि वाफ दोघांनाही खीळ बसते. आत भरलेली ‘हवा’ बहुधा नायट्रोजन असते. तेल खवट होऊ नये आणि ट्रकात वेफर्सचा चुरा होऊ नये म्हणून. पाकीट निम्मं रिकामं म्हणून कुरकुरणाऱ्यानं लक्षात घ्यावं, की सगळ्यांत भिडस्त वायू त्यानं विकत घेतलाय आणि तो सहसा घर सोडून जात नाही.

पण या शहाणपणाची किंमत भंगारवाला सांगतो. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतरही दुधाची पिशवी टिकली. ती एकाच जातीच्या प्लास्टिकची, वितळवली की पुन्हा कामाची. भंगारवाला तिला हसून घेतो. वेफर्सचं पाकीट दाखवलं की मान फिरवतो. त्यातले थर एकमेकांपासून सुटता सुटत नाहीत, आणि गटारीच्या कडेला ते वर्षानुवर्षं चकाकत पडतं. आतला पदार्थ दोन मिनिटांत संपला तरी त्याचा पहारेकरी अजून कामावरच.

तेव्हा चांगली फिल्म कुठली, याला दाजींच्या धंद्यात सरळ उत्तर नाही. दुधाला एक चांगली, बेदाण्याला दुसरी, कोथिंबिरीला तिसरी. अजिबात काही न जाऊ देणारी वस्तू जवळपास नाहीच, आणि असती तरी प्रत्येकाला मानवली नसती. म्हणून हे लोक ‘जातं का?’ असं विचारतच नाहीत. ते विचारतात: काय जातं, किती जातं, किती जाडीतून, किती अंशांवर, एका दिवसात? एवढं विचारल्यावर जे उत्तर येतं ते शंभर टक्क्यांइतकं रुबाबदार नसतं, पण त्यावर टेम्पो भरता येतो.

पुड्यावरची ‘या तारखेपूर्वी वापरावे’ ही ओळदेखील अशाच प्रश्नांतून निघते. पदार्थाला बिघडण्याआधी किती ऑक्सिजन किंवा किती ओल सोसेल हे बघायचं, फिल्ममधून रोज किती आत येईल त्यानं भागायचं; येतील ते दिवस. मी दाजींना म्हटलं, ‘म्हणजे साधा भागाकार!’

‘भागाकार साधाच आहे,’ ते म्हणाले. ‘पण आलेल्या उत्तरातनं आम्ही थोडे दिवस अजून कमी करतोय.’

‘ते कशाला?’

‘दुकानदार पुडे दारात उन्हात टांगतोय न्हवं? त्याला कुठल्या अहवालात घालायचं?’

एअरटाइटची हमी देत पुडा दाबून दाखवणारा तो दुकानदार त्या तारखेत असा आधीच वजा झालेला असतो.